आचलनं आणलेली कावीळ

पियुष राऊतचं तोंड काही केल्या आजारी दिसत नव्हतं, आणि अख्खं नाटक तिथंच येऊन अडलं होतं.

नाटकाचं नाव 'आबाची खाट'. पहिले तीन प्रवेश आबा खाटेवर मरणासन्न पडून असतो. घरचे लोक त्याच्या उशाशी बसून बैलजोडीपासून पानाच्या डब्यापर्यंत सगळं आपसात वाटून घेतात. चौथ्या प्रवेशात आबा टुणकन उठतो आणि सगळ्यांना खाटेभोवती नाचवतो. आता आबाचा आवाज, आबाची खोकण्याची ढब, आबाच्या शिव्या हे सगळं मूर्तिजापूरच्या त्या अख्ख्या शाळेत एकट्या पियुषला जमायचं. पण पियुष म्हणजे कबड्डीचा गडी. मान जाड, गाल टमाट्यासारखे, डोळ्यांत चोवीस तास हसू. तो खाटेवर आडवा झाला की लग्नात जेवून आलेला पाहुणा लवंडल्यासारखा वाटायचा.

मेकअप आचल ढोलेकडे होता. म्हणजे अजून नव्हता, पण तिनं तो मनातल्या मनात कधीच आपल्या नावावर करून टाकला होता. या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत आचल वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी, कुणी हाक मारली तर मान खाली घालणारी पोरगी होती. मग सुट्टीत तिनं मोबाईलवर बघून आपल्या लहान भावाच्या कोपरावर कणीक, बीट आणि काजळ यांची एक जखम केली. ती बघून आईच्या हातातली परात खाली पडली. त्या परातीच्या आवाजानं आचलला जे काही झालं ते अजून उतरलं नव्हतं. आता ती पहिल्या बाकावर बसायची आणि विचारलं नाही तरी सांगायची.

अकोल्याच्या स्पर्धेत नाटक संपल्यावर पडद्यामागच्यांची नावं माईकवरून पुकारतात, हे तिला कळलं होतं. 'रंगभूषा, आचल ढोले.' हे तीन शब्द माईकवरून ऐकायचे, बस. याच्यापलीकडे तिला आयुष्यात सध्या काहीच नको होतं.

पण पहिल्या तालमीत तिनं पियुषला टाल्कम पावडर फासली, डोळ्यांखाली काळं केलं, आणि तो आत आल्याबरोबर सगळे खाली बसून हसले. इंगोले सर हसले नाहीत, ते जास्त वाईट. ते म्हणाले, "आचल, हा आजारी नाही दिसत. हा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसते."

वर त्यांनी सांगून टाकलं की अकोल्यात त्यांच्या ओळखीचा एक रंगभूषावाला आहे, त्यालाच बोलवू. तुला पाहिजे तर त्याच्या हाताखाली डब्बे धर. आचल रडली असती, पण ती जुनी आचल. नव्या आचलनं सरांशी चक्क घासाघीस केली आणि शेवटी सरांना एका गोष्टीवर आणून उभं केलं. उद्या बाजार. पियुषला मेकअप करून बाजारातून फिरवायचं. आपणहून एका तरी माणसानं त्याला तब्येतीचं विचारलं तर मेकअप आचलचा. नाही विचारलं तर अकोल्यावाल्याचे डब्बे.

त्या संध्याकाळी आचलनं डोकं लावलं. पावडर का फसली? कारण ती वरून लावलेली होती. वरून फासलेला रंग रंग दिसतो, कातडीत मुरलेला रंग आजार दिसतो. आणि मुरणारा रंग तर घरातच होता. आचलच्या घरी शेवंती, झेंडू आणि भाजीपाल्याचा मळा. बांधाकडेला आईनं घरापुरती हळद लावलेली. आचलनं ओली हळद पाट्यावर वाटली, खोबरेल तेलात कालवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आधी पियुषला मळ्यातल्या मोटारच्या खोलीत बसवून तोंडाला, मानेला, कोपरापर्यंत हाताला चोपडली. नखं तर तिनं वाटीतच बुडवून ठेवली. पियुष म्हणाला, हळद नवरदेवाला लावतात. आचल म्हणाली, तू तोंड बंद ठेव, मुरू दे.

पुसून काढल्यावर तिलाच जरा धडकी भरली. पियुष पिवळा झाला होता. हळदीसारखा पिवळा नाही, आजारासारखा. मग दुपारी तिनं डोळ्यांखाली कोळशाची पूड व्हॅसलीनमध्ये मिसळून बोटानं अशी काही विरवली की डोळे खोल गेले. ओठांवर डिंकाच्या पाण्याचा पातळ हात मारला. तो सुकला तसे ओठांना पापुद्रे सुटले. कपाळावर ग्लिसरीनचे थेंब दिले, तो झाला घाम. एकाच जागी तिचा हात पोचत नव्हता, डोळ्यांच्या आत. डोळे पांढरेशुभ्र, एकदम ठणठणीत. त्यावर तिनं उपाय काढला की डोळे अर्धे मिटलेलेच ठेवायचे, वर बघायचंच नाही.

"आणि हसायचं नाही," ती म्हणाली. "हसला का संपलं."

बाजारात इंगोले सर कांद्याच्या ढिगामागे, डोक्याला रुमाल बांधून उभे. आचल चपलांच्या दुकानाच्या आडोशाला. पियुष पाय ओढत, एका हातानं पोट धरून मधल्या रस्त्यानं निघाला. आधी पेरूवाल्या बाईनं त्याला येताना बघून आपली टोपली उचलून दुसरीकडे ठेवली. ते विचारणं धरायचं की नाही यावर आचल आणि सरांचं लांबूनच हातवाऱ्यांनी भांडण झालं. मग केळीवाल्यानं न बोलता दोन केळी त्याच्या हातात कोंबली. पियुषनं ती तिथंच, आजारी माणूस जशी खाणार नाही तशी, दोन घासांत संपवली. आचलनं कपाळावर हात मारून घेतला.

आणि तेवढ्यात दुर्गाबाईनं त्याला हाक मारली.

दुर्गाबाई पियुषच्याच गावची. बाजारात अद्रक, लसूण, ओली हळद, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन बसायची. पण भाजीपेक्षा तिचं नाव होतं काविळीच्या माळेसाठी. कोण्या झुडपाच्या आहेत ते ती कुणाला सांगत नसे, पण बोटाएवढ्या काड्या दोऱ्यात गुंफून ती लहानशी माळ करायची आणि कावीळवाल्याच्या डोक्यावर मुकुटासारखी ठेवायची. मग ती माळ म्हणे दिवसादिवसानं वाढत जाते. डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर, तिथून पायाशी. पायाशी पडली की कावीळ उतरली. पैसे ती घ्यायची नाही, पैसा घेतला की गुण जातो म्हणायची. गावोगावचे लोक बाजाराच्या दिवशी तिला गाठायचे, म्हणून माळेचं सामान पिशवीत असायचंच.

"काहून रे, तू मंजूचा पोरगा ना?" दुर्गाबाई म्हणाली. "असा काहून दिसून राह्यला बापा?"

कांद्याच्या ढिगामागून सरांनी दोन्ही हात वर केले. हरलो. मेकअप तुझा. आणि रुमाल सोडत ते घराकडे वळले. आचलनं चपलांच्या दुकानात उभ्या उभ्या अशी उडी मारली की टांगलेल्या चपला हलल्या.

तेव्हाच जाऊन सांगायला पाहिजे होतं की, आजी, हा मेकअप आहे. एवढंच सांगायचं होतं. पण आचलला ते बघायचं होतं. आपण केलेल्या आजाराचा हात धरून एक माहितगार बाई नखं तपासते, जीभ बघते, तळवा दाबते, हे बघायला कुणाला मिळतं? दुर्गाबाईनं डोळे बघायला मान वर केली तर पियुषनं ते घट्ट मिटले. दुर्गाबाई म्हणाली, उजेड सोसत नाही बिचाऱ्याला, लई चढली आहे. आणि पियुषही काही कमी नव्हता. समोर एवढा विश्वास ठेवणारा प्रेक्षक दिसल्यावर त्याच्या अंगात आबा शिरला. त्यानं कण्हून दाखवलं. खोकून दाखवलं. दुर्गाबाईच्या खांद्यावर मान टाकली.

आचलनं आपला विजय पोटभर बघून पाऊल उचललं, तोपर्यंत पियुषच्या डोक्यावर माळ बसली होती, दुर्गाबाईचं दुकान गोळा झालं होतं, आणि गावाकडे निघालेल्या ऑटोत रिकाम्या टोपल्यांच्या मधोमध आबा मुकुट घालून बसला होता. आचल ऑटोमागे धावली. पियुषनं अर्धे डोळे उघडले आणि तिला हळूच डोळा मारला.

पहिल्या दिवशी पियुषला मजाच वाटली. संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा तो पंख्याखाली गादीवर पडून उसाचा रस पीत होता. शाळा नाही, शिकवणी नाही, अंगणात बघायला आलेल्या बायकांची रांग. इतका मोठा प्रयोग आपण आजवर केला नाही, उद्या सांगतो आईला, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बदलला होता. माळ असेपर्यंत आंघोळ नाही, असं दुर्गाबाईनं सांगितलेलं. तेल नाही, तिखट नाही, मीठ नाही, हळद तर नावालासुद्धा नाही. खायला फुटाणे, लाह्या आणि बिनफोडणीचं वरण. त्यात शेजारच्यांच्या शेतात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण होतं, त्याचा धूर याच्या खिडकीतून आत येत होता. पियुषनं मग आईला खरं सांगितलं. आई, मंजुषाकाकू, त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, बरळू नको.

"मी म्हणलं मेकअप हाये, तर ती रडाले लागली," पियुष फोनवर म्हणाला. "म्हणे तापात असंच बोलते माणूस."

काकू काही अडाणी नव्हत्या. त्यांनी त्याच सकाळी त्याला मूर्तिजापूरला डॉक्टरांकडेही नेलं होतं, रक्त तपासलं होतं. रिपोर्ट एकदम नॉर्मल आला. आचल हे ऐकून म्हणाली, मग झालं तर. पण झालं नव्हतं. रिपोर्ट नॉर्मल बघून काकूंनी हात जोडले आणि म्हणाल्या, बघा, माळ कशी लागू पडली. एका रात्रीत रक्तातून उतरली, आता कातडीतून तेवढी उतरायची राहिली.

आणि माळ वाढत होती. खरंच वाढत होती. डोक्यावरून ती गळ्यात उतरली होती. काड्या सुकून बारीक होत होत्या, दोरा ढिला पडत होता, हे आचलला लगेच कळलं. पण गळ्यात माळ पडलेल्या माणसाला ते पटवणार कोण? पियुष हळू आवाजात म्हणाला, "आचल, मले खरंच कमजोरी वाटून राह्यली. मले कावीळ झाली त नसन ना?"

आचलनं कपाळाला हात लावला. तिनं एवढं चांगलं काम केलं होतं की ते काम केलेलंच कुणाला खरं वाटत नव्हतं.

शाळेत इंगोले सरांनी ऐकून घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि शिवमला हाक मारली. शिवम काडीसारखा बारीक, डोळे जन्मापासून खोल गेलेले. खाटेवर झोपला आणि सगळ्यांना वाईट वाटलं. संवाद त्याला एकही येत नव्हता, पण दिसायला तो हुबेहूब आबा.

"याले मेकअप लागतच नाही," सर म्हणाले.

अकोल्यावाला परवडला असता. हा तर मेकअपच पुसून निघाला. तिनं सरांना उद्या संध्याकाळपर्यंत थांबायला लावलं. रविवारी स्पर्धा, उद्या शनिवार. सर म्हणाले, तूच आजारी पाडलं, तूच बरा कर, नाहीतर शिवम आहेच.

शनिवारी शाळा सुटल्यावर आचल त्याच ऑटोनं पियुषच्या गावाला गेली. ओसरीवर पियुष बसला होता, पिवळा, आंघोळ नाही, केस चिकटलेले, छातीवर माळ. समोर फुटाण्यांची वाटी. आचलनं काकूंच्या पाया पडून सगळं सांगितलं, हळद, खोबरेल, कोळसा, डिंक. काकूंनी ऐकून घेतलं आणि पदर खोचला.

"पोरी, मले येडी समजली का? उद्या नाटक हाये म्हणून तुमी दोघं मिळून मले बनवून राह्यले."

मग त्यांनी दुर्गाबाईलाच बोलावून घेतलं. दुर्गाबाई आली, माळेला हात लावून बघितला, म्हणाली, खोटी कावीळ असती तर माळ वाढली असती का. तिचं हे बोलणं काकूंना वेदवाक्य. आचलनं डिंकाचं सांगितलं, कोळशाचं पुन्हा सांगितलं, काही उपयोग नाही. धुऊन दाखव म्हणावं तर काल पियुषनं साध्या पाण्यानं पुसून बघितलं तेव्हा ते निघालंच नव्हतं. मुरवलेलंच होतं ना.

तेव्हा आचलची नजर न्हाणीच्या भिंतीवर ठेवलेल्या कपड्याच्या साबणाच्या वडीवर गेली. आणि तिच्या डोक्यात, तोंडाला साबण लावण्याच्या साध्या विचाराच्या मागून, सातवीतला विज्ञानाचा तास उभा राहिला. हळदीचा कागद. साबणाचं पाणी. आणि सगळा वर्ग ओरडला होता ते.

तिनं वडी ओली केली आणि काही न सांगता पियुषच्या मनगटावर घासली.

मनगट लाल झालं. लालभडक, भाजल्यासारखं. काकू किंचाळल्या, रक्त आलं म्हणून पियुषचा हात धरून धावायला निघाल्या. पियुषनं आपल्याच हाताकडे बघितलं आणि तोही किंचाळला. आचलनं दोघांनाही खाली बसवलं, घरातलं लिंबू मागितलं. लिंबू आणायला कुणी उठेना, तर स्वतः आत जाऊन घेऊन आली. लिंबू पिळलं तसं मनगट पुन्हा पिवळं. साबण लावला, लाल. लिंबू, पिवळं. तिसऱ्यांदा पियुष स्वतःच हात पुढे करून मजेत बघायला लागला.

"काकू, हळद साबणानं लाल होते," आचल म्हणाली. "कावीळ नाही होत. कावीळवाल्याले साबण लावा, तो पिवळाच राहीन."

काकूंना पटत होतं, पण त्या दुर्गाबाईकडे बघत होत्या. दुर्गाबाईनं आपले हात पुढे केले. रोज ओली हळद विकून तिच्या बोटांची टोकं कायमची पिवळी. तिनं आचलच्या हातातून साबण घेतला आणि आपल्याच बोटांना चोळला. बोटं लाल झाली. ती बोटं तिनं उलटीसुलटी करून बघितली, पदराला पुसली, आणि एकदम खो खो हसत सुटली. एवढी हसली की ओसरीवरचं मांजर उठून गेलं.

"मंजू, पोट्टीनं मले बनवलं वं," ती म्हणाली. "भरल्या बाजारात बनवलं."

काकूंनी घाबरत विचारलं, मग माळ कशी काय वाढली, कावीळ नव्हती तर?

"काहीतरी उतरलं असनच," दुर्गाबाई म्हणाली, पियुषच्या छातीवरच्या माळेकडे बघत. "याचा माज उतरला."

पण माळ काढायला ती तयार झाली नाही. घातलेली माळ कुणी काढत नाही, ती आपणहून पायाशी यायची, हा तिचा नियम, आणि पोरांच्या चेष्टेसाठी ती नियम मोडणार नव्हती. पथ्य मात्र तिनं तिथल्या तिथं सोडलं. आणि एक अट घातली. एवढा आजार जिनं आणला तिचं नाटक ती स्वतः बघणार. उद्या ती अकोल्याला येणार.

आता काकूंचा जीव. लेक फुटाण्यांवर ठेवला याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या संध्याकाळी त्यांनी चुलीपाशी हद्द केली. गोळाभात, वरून फोडणीच्या तेलाची धार. बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे. मिरचीची भजी. कढी. पियुष अंगभर साबण लावून आंघोळ करून, लालचा गोरा होऊन पानावर बसला आणि उठायचं विसरला. आचलला हे नंतर कळलं. तिला तेव्हा फक्त सरांचा निरोप माहीत होता, बरं, पियुषच करेल, पण शिवम सोबत येईल.

रविवारी सकाळी मूर्तिजापूर स्टेशनवर पियुष आला तेव्हा आचलनं त्याला एकदा बघितलं आणि खांबाआड ओढलं. तोंड राखेच्या रंगाचं. ओठ पांढरे. डोळे खरे खरे खोल गेलेले. आणि माळ गायब. रात्रभर त्याची आत-बाहेर चालली होती, आणि त्या धावपळीत पहाटे माळ खांद्यांवरून घसरून पायाशी पडली. पडली की त्यानं ओढली, हे फक्त संडासाच्या दाराला माहीत. दुर्गाबाई मात्र सगळ्या प्लॅटफॉर्मला सांगत होती, पोरगा आज पुरा बरा झाला.

"सरले सांगू नको," पियुष दात खाऊन म्हणाला. "शिवमले एक वाक्य नाही येत. मी करतो. उभा त राहीन."

आचलनं सरांकडे बघितलं. सर शिवमकडून संवाद म्हणून घेत होते. मग तिनं पिशवी उघडली आणि गाडीत, खिडकीकडे तोंड करून, आयुष्यातला सगळ्यात उलटा मेकअप सुरू केला. बिटाचा रस गालावर, अगदी थोडा. ओठांना तूप आणि बिटाचं बोट. डोळ्यांखाली उजळ पावडर. अकोला येईपर्यंत पियुष कबड्डी खेळून आल्यासारखा झाला होता. मधेमधे ती त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजत होती. सरांनी विचारलं तर म्हणाली, आवाजासाठी चांगलं असतं.

नाट्यगृहात, पडद्यामागं, बाकीच्या शाळांच्या मुली डबे, ब्रश, स्पंज मांडून बसल्या होत्या. आचलनं पहिल्या प्रवेशासाठी एक ओला रुमाल घेतला आणि पियुषचं तोंड पुसलं. बस. झाला मेकअप.

आबा खाटेवर आडवा झाला आणि पहिल्या रांगेतून कुणीतरी 'अरेरे' म्हटलं. तीन प्रवेश लोक खुसूखुसू हसले, पण आबाकडे बघून परत गप्प झाले. दुर्गाबाई मागच्या गाडीनं आलेल्या काकूंना घेऊन तिसऱ्या रांगेत बसली होती आणि पलीकडच्या बाईला सांगत होती, अहो, घाबरू नका, तो एकदम ठणठणीत आहे, मीच बरा केला. तिसऱ्या आणि चौथ्या प्रवेशाच्या मधे अंधारात आचलनं बीट, तूप, पावडर घेऊन खाटेवर झेप घेतली. पियुषचे हात थंड होते. तिनं गाल केले, ओठ केले, डोळे केले, कानात म्हणाली, थोडंच राह्यलं. दिवे लागले आणि आबा टुणकन उठला. नाचला. आत जाऊन कुठे पळाला ते वेगळं, पण पडदा पडेपर्यंत नाचला.

नंतर परीक्षकांपैकी एक बाई आत आल्या. अमरावतीच्या, पांढरे केस, नाटकात आयुष्य गेलेल्या. त्यांनी रंगभूषा कुणी केली विचारलं. आचलनं हात वर केला. नव्या आचलचा हात, पण जरा खालीच राहिला.

बाई म्हणाल्या, आजारपण अप्रतिम होतं. ओठांचा तो राखी रंग त्यांनी इतक्या वर्षांत रंगमंचावर बघितला नव्हता. शेवटच्या प्रवेशात मात्र हात जड पडला. गाल जरा जास्त लाल झाले, तिथं मेकअप दिसला.

आचल गप्प राहू शकली असती. तीन शब्द माईकवर यायला आता कसलीच अडचण उरली नव्हती. पण ज्या तीन प्रवेशांत तिनं फक्त रुमाल फिरवला त्याचं कौतुक, आणि अंधारात, थंड हातांच्या पोराला जे उभं केलं त्यावर बोट? हे तिला सहन झालं नाही.

"मॅडम, आजारी त तो खराच हाये," ती म्हणाली. "त्याले बरा मी केला. शेवटचा प्रवेश तेवढा माझा."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग मागच्या बाकड्याकडे. तिथं पियुष भिंतीला टेकून बसला होता, आणि काकू ओल्या पदरानं त्याचं तोंड पुसत होत्या. लाल गाल पदरावर आले आणि खालून तो राखी रंग परत वर आला. काकू त्याच्याकडे, मग आचलकडे, मग पुन्हा त्याच्याकडे बघत राहिल्या. आता कोणता खरा, हे त्यांना विचारायचं होतं बहुतेक, पण कुणाला विचारावं ते कळत नव्हतं.

बाई दारापर्यंत गेल्या आणि तिथूनच वळल्या.

"नाव काय म्हणालीस तू? नीट सांग, माईकवर चुकायला नको."